पक्ष्यांची छायाचित्रे : चौकट आणि एक्स्पोजर दोन्ही एकाच ठिकाणी फसतात का?

पाणकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी रानात आणि पाणथळीच्या काठी पक्ष्यांची छायाचित्रे काढतो आहे. पक्षी ओळखण्यापुरती ती उपयोगी पडतात, परंतु भिंतीवर लावावे असे त्यांत एकही नाही. हे मी विनयाने म्हणत नाही. चार हजार फ्रेम चाळून झाल्यावर म्हणतो आहे. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा आणि १५० ते ६०० मिमीची झूम लेन्स असून ६०० मिमीवर तिचे सर्वांत मोठे अ‍ॅपर्चर एफ ६.३ आहे (एफचा आकडा जितका लहान, तितके उजेडाचे छिद्र मोठे). लेन्स बदलण्याचा सल्ला कृपया देऊ नये, कारण दोष लेन्सचा नाही एवढे मला उमगले आहे.

तीन छायाचित्रांचे वर्णन करतो, म्हणजे चर्चा मुद्द्याला धरून होईल. पहिले मोठ्या बगळ्याचे आहे. सकाळचे कोवळे ऊन थेट त्याच्या अंगावर होते आणि मागचे पाणी झाडांच्या सावलीत जवळजवळ काळे दिसत होते. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, संपूर्ण फ्रेमचे मीटरिंग (कॅमेऱ्याने उजेड मोजणे), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८००, एफ ६.३ अशी मांडणी होती, म्हणजे शटरची वेळ कॅमेरा निवडणार होता. ‘पांढरा पक्षी असला की प्लस द्यावे’ असे कोणीतरी सांगितले होते, म्हणून मी प्लस १ (मीटरच्या हिशेबापेक्षा एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड) दिले आणि कॅमेऱ्याने शटरसाठी १/६४० सेकंद निवडले. परिणामी बगळ्याच्या जागी बगळ्याच्या आकाराचे पांढरे भोक उरले. पिसांचा मागमूसही नाही. दुसरे कोतवालाचे आहे. तो वाळक्या फांदीच्या टोकावर होता, मागे ढगाळ पण लखलखीत आकाश होते, आणि चित्रात तो नुसता काळा डाग आला आहे. तिसरे छायाचित्र मला सर्वांत जास्त खुपते, कारण त्यात तांत्रिक चूक एकही नाही. खंड्या दहा मीटरवर पाण्यातल्या खुंटावर बसला होता. फोकस डोळ्यावर आहे, उजेड बरोबर आहे, तरीही चित्र मेलेले आहे. पक्षी बरोबर मध्यभागी, डोक्यामागून गवताचे एक पाते उगवल्यासारखे आलेले आणि वरच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका. काठावर उभे राहून मी खाली पाहत ते टिपले होते.

पहिल्या दोन चित्रांत मी मीटरला दोष देत होतो आणि तिसऱ्यात नशिबाला. आता शंका येते की तिन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उजेडवाट

आपली शंका रास्त आहे. तिन्ही चित्रांत आपण पक्ष्याकडे पाहत होतात आणि कॅमेरा पार्श्वभूमीकडे पाहत होता. मी फक्त एक्स्पोजरविषयी, म्हणजे चित्रात किती उजेड घ्यायचा याविषयी, लिहितो. चौकटीविषयी माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारी माणसे येथे आहेत.

कॅमेऱ्याच्या मीटरला बगळा, पाणी, आकाश यांतले काहीच कळत नाही. समोरून येणारा उजेड मोजून त्याची सरासरी मध्यम करड्या छटेपर्यंत आणून ठेवणे एवढेच त्याला शिकवलेले असते. आधुनिक मीटर फोकसच्या बिंदूला थोडे झुकते माप देतात, काही नमुने ओळखतात, पण मूळ स्वभाव तोच राहतो. फ्रेममध्ये काळे पाणी नव्वद टक्के असेल, तर मीटर त्या पाण्याला करडे करण्यासाठी उजेड वाढवणार, आणि त्या वाढलेल्या उजेडात उरलेला दहा टक्के बगळा जळून जाणार. कोतवालाच्या बाबतीत हाच हिशेब उलटा झाला. आकाशाला करडे करण्यासाठी मीटरने उजेड कमी केला, आणि मुळातच काळा असलेला पक्षी आणखी खाली ढकलला गेला.

आता ‘पांढऱ्याला प्लस’ या नियमाकडे येऊ. तो खोटा नाही, अर्धवट आहे. बगळ्याने जवळजवळ संपूर्ण फ्रेम व्यापली असेल किंवा तो धुक्याने पांढऱ्या झालेल्या पार्श्वभूमीवर उभा असेल, तर मीटर त्या पांढऱ्याला करडे करू पाहतो आणि प्लस द्यावेच लागते. आपल्या चित्रात फ्रेम काळ्या पाण्याने भरली होती, म्हणून मायनस हवे होते. कॉम्पेन्सेशन, म्हणजे हे प्लस-मायनस, पक्ष्याच्या रंगावरून ठरत नाही. फ्रेममधला मोठा हिस्सा मध्यम करड्यापेक्षा उजळ आहे की गडद, यावरून ठरते.

आपले आकडे घेऊन पाहू. प्लस १ ला १/६४० मिळाले, म्हणजे शून्यावर मीटरने १/१२५० दिले असते. उन्हातल्या पांढऱ्या पक्ष्यामागे गडद पाणी असताना मी साधारण मायनस १ ते मायनस १ २/३ यांच्या दरम्यान सुरुवात करतो. मायनस १ १/३ धरले तर शटर १/३२०० होते. १/६४० आणि १/३२०० यांत पाचपट फरक आहे. आपल्या बगळ्याच्या चित्राला गरजेच्या पाचपट उजेड मिळाला. रॉ फाइलसुद्धा (सेन्सरवरची कच्ची नोंद) एवढे झेपवू शकत नाही. वर, मायनस दिल्याने वेगवान शटर आपसूक मिळाले असते, हा फायदा वेगळाच.

आन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास मांडलेल्या झोन पद्धतीचा गाभाही हाच आहे. मीटर जे सांगतो ते करड्याचे माप असते. समोरची वस्तू करड्यापासून किती पायऱ्या वर किंवा खाली ठेवायची, हे छायाचित्रकाराने ठरवायचे असते. ते लोक मोठ्या कॅमेऱ्याने निवांत डोंगर टिपत होते आणि आपल्यापुढचा पक्षी दोन सेकंदांत उडून जाणार असतो, एवढाच काय तो फरक.

झुडूपवासी

एवढा खटाटोप कशाला? स्पॉट मीटरिंग (फ्रेममधल्या लहानशा ठिपक्यापुरताच उजेड मोजणे) लावावे, पक्ष्यावर धरावे, प्रश्न मिटला.

उजेडवाट

प्रश्न मिटत नाही, जागा बदलतो. स्पॉट मीटर बगळ्याच्या छातीवर धरला तर तो त्या छातीलाच करडी करेल, म्हणजे आता प्लस दीड ते दोन स्टॉप द्यावे लागतील. पक्षी थोडा हलला आणि तो लहानसा स्पॉट पाण्यावर घसरला, तर पुढच्याच फ्रेममध्ये सगळे उलटे होईल. बसलेल्या, मोठ्या आणि शांत पक्ष्यासाठी स्पॉट उत्तम आहे. खंड्या किंवा गप्पीदासासाठी मी तो वापरत नाही.

मध्यान्ह

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते जरा हट्टाने मांडतो. उजेड स्थिर असेल, तर कॉम्पेन्सेशनचा सगळा व्यायाम सोडून मॅन्युअलवर जावे, म्हणजे सगळे आकडे आपणच ठरवावेत.

कारण साधे आहे. घार आकाशातून खाली येते, झाडांच्या पुढून जाते, मग पाण्यावरून जाते. या तीन सेकंदांत तिच्यावर पडणारे ऊन तेच असते, फक्त मागचे दृश्य बदलते. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीत आपल्याला तीन वेळा वेगळे कॉम्पेन्सेशन द्यावे लागेल, जे कोणाच्याही बोटांना जमणार नाही. मॅन्युअलमध्ये घारीसाठी एकदा ठरवलेले एक्स्पोजर तिन्ही ठिकाणी बरोबर राहते.

मीटर न पाहताही हिशेब करता येतो. फिल्मच्या काळापासूनचा नियम असा, की स्वच्छ उन्हात एफ १६ ला शटर आयएसओच्या व्यस्ताइतके ठेवावे. आयएसओ ४०० असेल तर एफ १६ ला १/४००, आणि तेच एफ ६.३ ला सुमारे १/२५०० होते. झगझगीत पांढरा पक्षी असेल तर आणखी एक स्टॉप कमी, म्हणजे १/५०००. काळ्या पक्ष्याच्या पिसांत तपशील हवा असेल तर उलट एक स्टॉप जास्त. सूर्य वर चढलेला असताना हे आकडे फार विश्वासू ठरतात. कोवळ्या उन्हात मात्र उजेड दर काही मिनिटांनी बदलतो. तेव्हा एक चाचणी फ्रेम घ्यावी, ती पाहून दुरुस्ती करावी, आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहावे.

अनेक जण ‘मी मॅन्युअलवर काम करतो’ असे सांगतात, पण आयएसओ ऑटोवर ठेवलेला असतो. ते मॅन्युअल नव्हे. शटर आणि अ‍ॅपर्चर आपले असले तरी उजेडाचा अंतिम निर्णय अजून मीटरच घेतो, आणि काळ्या पाण्यापुढे तो तसाच फसतो.

उजेडवाट

ऑटो आयएसओविषयी पूर्ण सहमत. मॅन्युअलच्या हट्टाविषयी अर्धा सहमत, कारण तुटक ढग असतील किंवा पक्षी उन्हातून सावलीत उड्या मारत असेल, तर मॅन्युअलवाल्याच्या निम्म्या फ्रेम काळ्या आणि निम्म्या पांढऱ्या येतात. जंगलात पानांतून ऊन झिरपत असताना मी मॅन्युअलमध्ये शटर आणि अ‍ॅपर्चर बांधून ऑटो आयएसओ ठेवतो आणि कॉम्पेन्सेशनची चकती अंगठ्याखाली ठेवतो. मीटर फसणार हे ठाऊक असते. किती फसणार याचा अंदाज आधी बांधायचा, एवढेच काम उरते. आकाशात घार असेल तर मात्र आपलाच मार्ग बरोबर.

कोतवालाचे राहिलेच. ढगाळ पण उजळ आकाशापुढे काळा पक्षी असेल, तर प्लस १ २/३ ते २ दिल्यावरच डोळा आणि पिसांवरची चमक दिसू लागते. आकाश मग पांढरेफटक होते, ते मान्य करावे लागते. मान्य नसेल तर दुसरी बाजू पकडावी आणि सरळ मायनस देऊन पक्ष्याला पूर्ण काळा होऊ द्यावा. कोतवालाची दुभंगलेली शेपटी बाह्याकृतीतच अधिक शोभते. आपले चित्र या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी अडकले आहे, म्हणून ते डाग वाटते.

निरखणी

चौकटीविषयी लिहिते. थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

आपल्या खंड्याच्या चित्रात गवताचे पाते, पांढरा ठिपका आणि वरून पाहणारी नजर हे तीन दोष असले तरी त्यांचा उगम एकच आहे. पक्षी दिसल्याबरोबर आपण होतो तिथेच थांबलात आणि कॅमेरा डोळ्याला लावलात. बहुतेक सर्व जण तेच करतात, मीही अनेक वर्षे केले. लांब पल्ल्याच्या लेन्सविषयी एक गैरसमज असा असतो, की पक्षी इतका दूर असताना आपण हातभर इकडे-तिकडे सरकल्याने काय फरक पडणार. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे, आणि ती आकड्यांनी पटते.

फुल फ्रेमवर ६०० मिमीची लेन्स आडवा जेमतेम साडेतीन अंशांचा कोन पाहते. समजा पक्षी दहा मीटरवर आहे आणि मागचे झुडूप त्याच्याही तीस मीटर मागे आहे. त्या झुडपाच्या अंतरावर आपल्या फ्रेमची रुंदी फक्त २.४ मीटर भरते. आता आपण पक्ष्याला फ्रेममध्ये त्याच जागी ठेवून तीस सेंटीमीटर डावीकडे सरकलो, तर मागचे झुडूप पक्ष्याच्या तुलनेत नव्वद सेंटीमीटर सरकते. म्हणजे एका लहान पावलात फ्रेमच्या एक तृतीयांशाहून अधिक पार्श्वभूमी बदलून जाते. आपल्या खंड्यामागचे पाते पाच मीटर मागे होते असे धरले, तरी त्याच तीस सेंटीमीटरने ते पंधरा सेंटीमीटर सरकले असते, आणि खंड्याचे डोके काही पंधरा सेंटीमीटर रुंद नसते. पक्षी उडालाही नसता, कारण आपण त्याच्या जवळ जात नव्हतात, फक्त बाजूला होत होतात.

म्हणून माझी सवय अशी आहे, की पक्षी दिसला की एक-दोन नोंदीची चित्रे घ्यावीत, मग कॅमेरा खाली करून पक्ष्याच्या मागे काय आहे ते उघड्या डोळ्यांनी पाहावे. गडद आणि एकसारखा पट्टा कुठे आहे, उजळ भोके कुठे आहेत, आडवी रेघ पक्ष्याच्या मानेतून जाते आहे का, हे पाहून मगच पाय हलवावेत. फ्रेमच्या कडेला असलेला पांढरा ठिपका पक्ष्याच्या डोळ्यापेक्षा उजळ असेल, तर पाहणाऱ्याची नजर तिकडेच जाणार. मग पक्षी कितीही देखणा असो. आणि उजेडवाट यांनी वर जे सांगितले त्याच्याशी हे जोडून पाहावे. एकसारखी पार्श्वभूमी निवडल्यावर मीटरही कमी फसतो, किंवा निदान प्रत्येक फ्रेममध्ये सारखाच फसतो, त्यामुळे त्याला एकदा दिलेली दुरुस्ती टिकते.

दुसरी गोष्ट उंचीची. पाण्यातल्या किंवा जमिनीवरच्या पक्ष्याकडे उभे राहून पाहिले, की लगेच त्याच्या मागे असणारी जमीन किंवा पाणीच पार्श्वभूमी होते, आणि ते जवळ असल्यामुळे पुरेसे धूसर होत नाही. पोटावर झोपले, की तीच नजर पक्ष्याच्या मागून आडवी पुढे जाते आणि दूरचा काठ पार्श्वभूमीला येतो. पार्श्वभूमी लोण्यासारखी हवी म्हणून लोक लेन्सवर खर्च करतात. झोपायला मात्र नाखूश असतात. झाडावरच्या पक्ष्यासाठी याच्या उलट करावे. आठ मीटर उंचीवरच्या पक्ष्याकडे दहा मीटरवरून पाहिले तर कॅमेरा सुमारे ३३ अंश वर वळवावा लागतो आणि चित्रात पक्ष्याचे पोट तेवढे येते. मागे जाऊन पंचवीस मीटरवर उभे राहिलो तर तो कोन १५ अंशांवर येतो. पक्षी लहान दिसेल हे खरे, पण तो आपल्याकडे पाहत असल्यासारखा दिसेल.

मध्यभागाविषयी : तृतीयांशाच्या नियमाचा (विषय मध्यभागी न ठेवता फ्रेमच्या तिसऱ्या भागाच्या रेषेवर ठेवण्याचा) मला कंटाळा आहे, तरी त्यामागचे कारण खरे आहे. पक्षी ज्या दिशेला पाहतो आहे किंवा उडतो आहे तिकडे मोकळी जागा जास्त हवी, नाहीतर तो भिंतीवर आपटणार असे वाटते. थेट समोर पाहणारे घुबड मध्यभागी ठेवले तर काहीच बिघडत नाही. त्यापेक्षा डोक्याच्या कलाकडे अधिक लक्ष द्यावे. शरीर बाजूने असताना डोके आपल्याकडे किंचित वळलेले असेल तर चित्रात जीव येतो. तेच डोके आपल्यापासून किंचित दूर वळले, तर कितीही लख्ख फोकस असला तरी चित्र टाकून द्यावे. डोळ्यात उजेडाचा लहानसा ठिपका आला नाही तर डोळा काचेच्या मण्यासारखा मृत दिसतो. पक्ष्यांची तिसरी पापणीही क्षणभर डोळ्यावरून फिरते आणि डोळा दुधाळ दिसतो. म्हणून स्तब्ध बसलेल्या पक्ष्याचीसुद्धा एकच फ्रेम घेऊन थांबू नये.

पाण्यात उभ्या असलेल्या शेकाट्याचे पाय गुडघ्यापर्यंतच दिसत असतील, तरी बुडालेल्या पायांना पुरेल एवढी जागा खाली ठेवावी. प्रतिबिंब घ्यायचे तर चोचीच्या टोकापर्यंत पूर्ण घ्यावे. अर्धे कापलेले प्रतिबिंब ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. मग उभी फ्रेम लागते, आणि कॅमेरा उभा धरायला आपण का कोण जाणे विसरतो.

पाणकाठ (धागाकर्ता)

निरखणी, आपला प्रतिसाद वाचून मी जुनी चित्रे पुन्हा काढून पाहिली. एकाही ठिकाणी मी पायही हलवलेला नाही. दोन शंका आहेत. खंड्या पूर्ण स्पष्ट यावा म्हणून एफ ११ पर्यंत जावे का? आणि पक्षी लहान दिसतो म्हणून नंतर क्रॉप करण्यात (कडा कापून टाकण्यात) किती नुकसान होते?

निरखणी

एफ ६.३ ला, ६०० मिमीवर, सहा मीटरवरच्या पक्ष्यासाठी स्पष्टतेची खोली जेमतेम साडेतीन सेंटीमीटर मिळते. दहा मीटरवर ती दहा सेंटीमीटरच्या आसपास जाते. पक्षी आपल्याकडे तोंड करून बसला असेल तर चोच, डोळा आणि शेपूट हे सगळे त्या खोलीत मावणार नाही. एफ ११ ने खोली पाऊणपट वाढते खरी, पण त्यासाठी दीड स्टॉपहून अधिक उजेड गमवावा लागतो आणि मागचे गवतही ठळक होऊ लागते. त्यापेक्षा पक्षी बाजूने वळण्याची वाट पाहावी. तो आडवा झाला की चोचीपासून शेपटीपर्यंत सगळा एकाच प्रतलात येतो आणि एफ ६.३ पुरते. थव्यातल्या दोन पक्ष्यांना एकत्र टिपतानाही हेच पाहावे, की दोघांचे डोळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आहेत का.

क्रॉपचा हिशेब सोपा आहे. रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी केली की २४ मेगापिक्सेलचे ६ उरतात. पडद्यावर पाहण्यासाठी ते पुष्कळ आहेत, पण दाणेदारपणा आणि फोकसमधली लहानशी चूकही त्याच प्रमाणात मोठी होऊन दिसते. पक्षी लहान येत असेल तर त्याच्या भोवतालालाच चित्राचा विषय करावा, असे माझे मत आहे. फ्रेमच्या विसाव्या भागाएवढा वेडा राघू आणि भोवती सकाळच्या उन्हाने पेटलेले गवत, हे चित्र पिसे मोजता येणाऱ्या चित्रापेक्षा मला जास्त वेळ थांबवते. मात्र तेव्हा पक्ष्याच्या भोवती स्वच्छ मोकळी जागा हवी, नाहीतर तो गवतात हरवतो.

टेकडीमागे

एक भर. तापलेल्या जमिनीवरून किंवा पाण्यावरून दूरचा पक्षी टिपला, की हवेच्या थरथरीमुळे चित्र मऊ येते आणि लोक फोकसला दोष देतात. लेन्स दुरुस्तीला पाठवण्याआधी तीच चाचणी सकाळी गारव्यात, जवळच्या वस्तूवर करून पाहावी. मी उन्हाळाभर लेन्सवर आळ घेतला होता.

झुडूपवासी

शटर किती ठेवावे यावर कोणीच बोलले नाही. लेन्सला स्थिरीकरण असताना १/२५० पुरत नाही का?

मध्यान्ह

स्थिरीकरणाने आपला हात थांबतो, पक्षी थांबत नाही. बसलेला पक्षीसुद्धा मान सतत झटकत असतो, म्हणून तिथे मी १/५०० च्या खाली नाइलाजानेच जातो. घारीसारख्या संथ पंखांच्या मोठ्या पक्ष्याला उडताना १/१६०० पुरते, वेड्या राघूसारख्या चपळ पक्ष्याला १/३२०० सुद्धा कमी पडते. मिररलेस कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर वापरत असाल तर सेन्सर वाचण्याचा वेग पाहावा. तो कमी असेल तर फडफडणारे पंख वाकडे येतात. उडत्या पक्ष्याचे पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असतानाची फ्रेम ठेवावी. पंख आडवे असतील तर पक्षी काठी गिळल्यासारखा दिसतो.

आयएसओ वाढण्याची भीती आता सोडावी. दाणेदार पण स्पष्ट चित्र नंतर सावरता येते, हललेले सावरता येत नाही. आयएसओ कमी ठेवण्याच्या नादात चित्र दोन स्टॉप काळे काढून नंतर संगणकावर उजळले, तर दाणे कमी होत नाहीत. तेवढाच थोडा उजेड सेन्सरवर पडलेला असतो.

उजेडवाट

या शेवटच्या वाक्याला हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या गडद-उजळ छटांचा आलेख, जोडतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम आणि जळालेल्या भागांवर लुकलुकणारे इशारे हे रॉ फाइलचे नसून कॅमेऱ्याने मनातल्या मनात बनवलेल्या जेपेगचे असतात. त्यामुळे बगळ्याच्या पाठीवर अगदी लहान ठिकाणी इशारा लुकलुकला तरी रॉमध्ये सहसा तपशील शिल्लक असतो. चित्राची शैली न्यूट्रल ठेवली तर हा इशारा वस्तुस्थितीच्या अधिक जवळ येतो. आलेख उजव्या, म्हणजे उजळ कडेपर्यंत ढकलावा, कडेवर आपटू देऊ नये. लाल पक्ष्यांच्या बाबतीत मात्र एकत्रित आलेखावर विसंबू नये. निखाराचा नर उन्हात टिपला, की एकत्रित आलेख अगदी निर्धास्त दिसतो आणि लाल रंगाचा स्वतंत्र आलेख केव्हाच कडेवर आपटलेला असतो. मग छातीवरची पिसे एका सपाट लाल रंगात विरघळून जातात. तिन्ही रंगांचे आलेख वेगळे पाहण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती चालू करावी.

वाटपाहू

चर्चा उत्तम चालली आहे, फक्त ‘पाय हलवा’ या सल्ल्याला एक मर्यादा घालतो. घरट्यापाशी पाय हलवू नयेत. तिथून निघून जावे. चौकट स्वच्छ करण्यासाठी घरट्यापुढची पाने बाजूला केली, की पिलांवर ऊन पडते आणि शिकाऱ्याला वाट सापडते. रेकॉर्ड केलेली साद वाजवून पक्षी उघड्या फांदीवर आणल्यावर पार्श्वभूमी छान मिळते खरी, पण तो चित्रासाठी आलेला नसतो, आपल्या हद्दीत कोणी घुसले आहे असे समजून भांडायला आलेला असतो.

पक्षी छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात इंग्लंडमधल्या कीर्टन बंधूंनी बैलाच्या कातड्याच्या पोकळ सांगाड्यात लपून चित्रे घेतली होती. एरिक हॉस्किंग या ब्रिटिश छायाचित्रकाराने १९३७ मध्ये घरटे राखणाऱ्या घुबडाच्या हल्ल्यात डावा डोळा गमावला, आणि पुढेही ते हेच काम करत राहिले. धाडसाची कथा म्हणून हे सांगितले जाते. मला त्यात घुबडाची बाजूही दिसते. आडोशात बसून पक्ष्याला स्वतःहून जवळ येऊ द्यावे. वेळ जातो, पण तेवढ्या वेळात मागची पार्श्वभूमी पाठ होते.

पाणकाठ (धागाकर्ता)

तीन सकाळी त्याच पाणथळीवर जाऊन आलो, म्हणून अहवाल देतो.

पहिल्या सकाळी बगळा जवळजवळ त्याच जागी मिळाला. मायनस १ १/३ वर १/३२०० आले. पाठीवर दोन लहान ठिपके लुकलुकले, त्यांतला तपशील रॉमध्ये परत आला, आणि मानेवरची पिसे पहिल्यांदाच एकेक वेगळी दिसली. नंतर तो उडून उजळ वाळूच्या पट्ट्यापुढे उतरला. मी मायनस तसेच ठेवले होते आणि पक्षी करडा आला. तेव्हा कुठे ‘फ्रेमचा मोठा हिस्सा’ म्हणजे काय ते मला खरे कळले. दुसऱ्या दिवशी मॅन्युअलवर एकदा ठरवून तोच प्रयोग केला. पाणी असो वा वाळू, बगळा दोन्हीकडे सारखा आला. मध्यान्ह यांचा हट्ट मान्य.

खंड्या तिसऱ्या दिवशी आला. यावेळी मी आधी त्याच्या मागे पाहिले. उभा असतो तिथून मागे वाळलेले गवत होते; चार हात उजवीकडे गेल्यावर मागे दूरच्या काठाची एकसारखी गडद सावली येत होती. तिथे जाऊन पोटावर झोपलो. खंड्या खुंटावरून हलला नाही. पार्श्वभूमी इतकी शांत आली, की चित्र माझे आहे यावर विश्वास बसेना. एक नवा घोटाळा मात्र झाला. लेन्सच्या अगदी पुढे काठावरचे गवत होते, ते धूसर होऊन फ्रेमच्या खालच्या भागावर हिरवट धुके पसरले आणि खुंट व पक्ष्याचे पाय त्यात गेले. ते ठेवावे की टाळावे?

निरखणी

पायांपर्यंत आले नसते तर मी आनंदाने ठेवले असते. खालच्या कडेला असलेली धूसर हिरवळ चित्राला बूड देते. पाय आणि बैठकीची जागा झाकली जात असेल तर पक्षी अधांतरी वाटतो, म्हणून टाळावे. त्यासाठी उठून बसण्याची गरज नाही. लेन्सखाली बीनबॅग ठेवून लेन्स फक्त दहा सेंटीमीटर उचलून पाहा. पुढचे गवत इतके जवळ आहे, की तेवढ्यानेच ते फ्रेमच्या बाहेर जाईल आणि मागची सावली जवळपास तशीच राहील. गवत उपटू नका, उद्या दुसऱ्या उंचीवरून तेच उपयोगी पडेल.

पाणकाठ (धागाकर्ता)

बीनबॅग नाही, जुन्या पिशवीत वाळू भरतो आहे. खंड्या सकाळी साडेसातच्या सुमारास त्याच खुंटावर येतो. उद्या सात वाजता जाऊन झोपतो.